विमानातल्या वायरिंगविषयीचे गैरसमज

महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलांच्या घरांत जर्मनीचा विषय निघू लागला. त्यातल्या काहींचा ओढा विमान देखभालीकडे आहे. लुफ्तान्झा टेक्निकचे मुख्य केंद्र आणि एअरबसचा मोठा कारखाना हॅम्बुर्गला, युरोपची विमान सुरक्षा संस्था ईआसा कोलोनला आणि जर्मनीचे हवाई वाहतूक कार्यालय ब्राउनश्वाइगला आहे. तिथे कामाला लागणाऱ्याला विमानाच्या विद्युत तारांच्या सुरक्षेचे प्रशिक्षण आज ना उद्या घ्यावेच लागते. या प्रशिक्षणाबद्दल, आणि मुळात तारांबद्दलच, बरेच गैरसमज आहेत. नेमके तेच महागात पडतात.

गैरसमज 1 : वायरिंग म्हणजे इलेक्ट्रिशियनचे काम, बाकीच्यांचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : ईआसाने 2008 मध्ये काढलेली एएमसी 20-22 ही मार्गदर्शिका नेमके याच्या उलट सांगते. तिने प्रशिक्षणासाठी कर्मचाऱ्यांचे आठ गट पाडले आहेत. वायरिंगची दुरुस्ती आणि तपासणी करणारे त्यात आहेतच. पण वायरीला हात न लावता इतर देखभाल करणारे, कामाचे नियोजन करणारे, तारांच्या आसपास वावरणारे सेवा-कर्मचारी, वैमानिक आणि केबिन क्रू यांचेही वेगळे गट आहेत. कारण साधे आहे. तारांना इजा होते ती बऱ्याचदा दुसऱ्याच कामाच्या वेळी.

मालवाहू कप्प्यात एक ब्रॅकेट बसवायचा आहे, असे समजा. मेकॅनिक पत्र्याला ड्रिल मारतो आणि धातूचा बारीक कीस खालच्या वायरिंगच्या जुडग्यावर पडतो. ब्रॅकेट उत्तम बसतो, काम संपते. कीस मात्र तारांच्या फटीत राहतो आणि प्रत्येक उड्डाणाच्या कंपनाबरोबर इन्सुलेशन खरवडत जातो. म्हणून प्रशिक्षणात पहिला धडा असा असतो : ड्रिल मारण्याआधी तारा झाका, कीस जिथल्या तिथे व्हॅक्यूमने ओढून घ्या, काम संपल्यावर नव्हे तर काम करता करता साफ करा. गॅलीत सांडलेली कॉफी, शौचालयातली गळती, हायड्रॉलिक तेल यांनाही हेच लागू होते.

गैरसमज 2 : शॉर्ट झालेच तर सर्किट ब्रेकर पडेल, काळजी कशाला?

वस्तुस्थिती : नेहमीचा ब्रेकर तापल्यावर पडतो. प्रवाह ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आणि पुरेसा वेळ वाहिला, तरच तो उडतो. झिजलेल्या तारेतून उडणारी ठिणगी तुटक असते, क्षणभर पेटते आणि विझते. ब्रेकरच्या हिशेबात ती येत नाही, पण तिचे तापमान हजारो अंशांवर जाते.

2 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअर 111 हे एमडी-11 विमान कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात कोसळले आणि 229 जण मरण पावले. कॅनडाच्या तपास मंडळाने 2003 मध्ये अहवाल दिला. कॉकपिटच्या छतामागे, बहुधा मनोरंजन यंत्रणेच्या तारेशी संबंधित ठिणगीतून आग सुरू झाली आणि शेजारच्या इन्सुलेशनच्या ज्वलनशील आवरणाने ती पसरवली, असा निष्कर्ष निघाला. वैमानिकांना पहिला वास आल्यापासून विमान कोसळेपर्यंत जेमतेम वीस-एकवीस मिनिटे गेली.

पडलेला ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवू नये, हे वैमानिकांना बजावले जाते ते यामुळेच. काही प्रकारच्या इन्सुलेशनचा ठिणगीने कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. ब्रेकर चढवला की त्याच जागी पुन्हा ठिणगी पेटू शकते.

गैरसमज 3 : हा जुन्या विमानांचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : वयाबरोबर धोका वाढतो, हे खरे. 17 जुलै 1996 रोजी टीडब्ल्यूए 800 चा न्यूयॉर्कजवळ स्फोट होऊन 230 जण गेले, तेव्हा ते बोइंग 747 सुमारे 25 वर्षांचे होते. इंधन टाकीबाहेर तारांमध्ये झालेल्या शॉर्ट सर्किटमुळे जादा दाबाची वीज इंधन मोजणाऱ्या तारांवाटे टाकीत शिरली, हे सर्वात संभाव्य कारण अमेरिकी तपास मंडळाने सांगितले. पण स्विसएअरचे विमान अवघ्या सात वर्षांचे होते. आणि जुलै 2013 मध्ये लंडनच्या हीथ्रोवर उभ्या असलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग 787 ला आग लागली, तेव्हा ते विमान वर्षाचेही नव्हते. आपत्कालीन संदेश पाठवणाऱ्या उपकरणातल्या बॅटरीच्या तारा झाकणाखाली चिमटल्या गेल्या होत्या. विमानात प्रवासी नव्हते म्हणून निभावले. झाकण लावताना तार कुठे आहे हे पाहणे, एवढीच ती गोष्ट होती.

गैरसमज 4 : संगणकावर आखणी चोख असली की तारा आपोआप जागेवर बसतात.

वस्तुस्थिती : हा धडा खुद्द हॅम्बुर्गने शिकवला. एअरबसच्या ए380 मध्ये सुमारे 500 किलोमीटर तारा आहेत. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेली तारांची जुडगी तुलूझला विमानात बसवायला घेतली, तेव्हा ती ठरलेल्या जागी पोहोचेनात. जर्मनी आणि फ्रान्समधले अभियंते एकाच आरेखन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. 2006 मध्ये एअरबसला विलंब जाहीर करावा लागला, आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती 15 ऑक्टोबर 2007 रोजी पडले. ओढून-ताणून तारा बसवण्यापेक्षा थांबणे पत्करले, हे योग्यच झाले. ताणलेली किंवा जास्त वाकवलेली तार आज चालते आणि काही वर्षांनी तडकते. एरवी आधार नसलेल्या जुडग्याच्या वळणाची त्रिज्या त्यातल्या सर्वात जाड तारेच्या व्यासाच्या निदान दहापट असावी, हा सर्वमान्य दंडक आहे.

गैरसमज 5 : घरचे वायरिंग येते, मग विमानाचेही जमेल.

वस्तुस्थिती : इथे पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे चालत नाही. कोणत्या तारेला कोणता जोड, तो दाबायला कोणते हत्यार, दोन क्लॅम्पमध्ये किती अंतर, हे सगळे निर्मात्याच्या वायरिंग मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. जोड दाबणाऱ्या हत्याराचेही मुदतीत कॅलिब्रेशन व्हावे लागते. कनेक्टरच्या आधी तारेला मुद्दाम खाली झोळ ठेवतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाशी ठिबकते आणि कनेक्टरमध्ये शिरत नाही. हा झोळ ‘नीटनेटका’ करण्याच्या हौसेने ओढून काढणारा माणूस बिघाडच पेरत असतो. जर्मनीत विमान इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, काही काळ वर्गात आणि जास्त काळ कारखान्यात, ती काही उगाच नाही. आणि परवान्यानंतरही शिक्षण संपत नाही. युरोपच्या पार्ट-145 नियमांनुसार कामावर सही करणाऱ्याला दर दोन वर्षांच्या काळात उजळणीचे प्रशिक्षण घ्यावेच लागते.

गैरसमज 6 : आपल्या हातून तार दुखावली हे सांगितले, तर नोकरी जाईल.

वस्तुस्थिती : युरोपात 2015 पासून लागू असलेला 376/2014 हा नियम अशा घटना कळवणाऱ्याला संरक्षण देतो. जाणूनबुजून केलेली आगळीक किंवा घोर निष्काळजीपणा नसेल, तर प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीसाठी शिक्षा नाही. या संपूर्ण प्रशिक्षणाचे सार मला यातच दिसते. पॅनेलमागची तार प्रवाशाला दिसत नाही, वैमानिकाला दिसत नाही. तिला लागलेला ओरखडा फक्त तिथे हात घालणाऱ्याला ठाऊक असतो.

म्हणून हॅम्बुर्गच्या हँगरमध्ये, नागपूरच्या मिहानमध्ये किंवा मुंबईच्या विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सांगणे आहे : पॅनेल बंद करण्यापूर्वी तारांकडे एकदा टॉर्च टाकून पाहा, आणि काही बिघडले असेल तर त्याच दिवशी सांगा.