विश्वासाची ढाल

पवित्र शास्त्राच्या वर्गात इफिसकरांस पत्राचा ६ वा अध्याय चालू असता एका विद्यार्थ्याने विचारिले, "गुरुजी, एवढ्याशा ढालीने चोहोंकडून येणारे जळते बाण कसे अडावेत?" त्याच्या डोळ्यांपुढे मावळ्याची वाटोळी ढाल होती. पौलाचा ग्रीक शब्द मात्र 'थुरेऑस' असा आहे; तो 'थुरा', म्हणजे दार, या शब्दापासून झाला. पौलापूर्वी सुमारे २०० वर्षे होऊन गेलेला इतिहासकार पॉलिबियस सांगतो की, रोमी शिपायाची ही ढाल सुमारे ४ फूट उंच व २॥ फूट रुंद असे. फळ्यांचे दोन थर सरसाने जोडून त्यांवर कापड व वासराचे कातडे चढवीत. तिच्याआड सबंध देह झाकला जाई.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पौलाची आज्ञा मुळात अनेकवचनी आहे. मराठीत 'तुम्ही' हे आदरार्थीही असल्यामुळे हे सहज नजरेतून सुटते. बाणांचा वर्षाव होऊ लागला म्हणजे रोमी शिपाई ढालीस ढाल भिडवून उभे राहत. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ज्यास आपला विश्वास डळमळीत वाटतो त्याने एकट्याने झुंजत बसू नये, रांगेत यावे. आणि ज्याचा हात खंबीर आहे त्याने शेजाऱ्यास जागा करून द्यावी.