डबी संपेपर्यंत नवी नाही!

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ड्रेसिंग टेबलचा खण चादरीवर उपडा केला आणि मटकन खालीच बसले. मोजले तर एकतीस नग! सात नेलपॉलिश, पाच लिपस्टिक (त्यातल्या दोन अगदी एकाच रंगाच्या, पहिली सापडेना म्हणून दुसरी आणलेली), कोल्ड क्रीमच्या चार डब्या, चारही निम्म्या, शिवाय तीन दिवाळ्यांची उरलेली उटण्याची पाकिटं. आमचे 'हे' चष्म्यावरून बघत म्हणाले, "दुकान टाकायचंय का?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मी काही फार नटणारी बाई नाही. शेवगावात राहायचं, घर सांभाळून बचत गटाच्या बैठकांना जायचं, त्यात नटायला वेळ कुठला? मग एवढं आलं कुठून? आठवत गेले तसं लक्षात आलं, निम्म्याहून जास्त मी विकत घेतलेलंच नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालेलं वाण, भाऊबीजेचे सेट, आणि पुण्याच्या नणंदेनं "मला सूट होत नाही वहिनी, तुम्ही वापरा" म्हणून गळ्यात मारलेली फाउंडेशनची बाटली. वाण नाकारता येत नाही आणि टाकवतही नाही. त्याच दिवशी ठरवलं, हातातली डबी संपेपर्यंत नवी आणायची नाही. बचत गटातही हे बोलून दाखवलं, म्हणजे माघार घेता येऊ नये!

आधी तारखा बघितल्या. नऊ नग तिथंच बाद. पाकिटावरची शेवटची तारीख असते ती न उघडलेल्या वस्तूची. उघडल्यावरचा हिशेब वेगळा. बऱ्याच डब्यांच्या बुडाशी झाकण उघडलेल्या डबीचं बारकं चित्र असतं, त्यात १२ किंवा २४ आकडा आणि पुढे इंग्रजी 'एम'. म्हणजे उघडल्यापासून इतके महिने. हे मला लेकीनं दाखवलं, तेही चाळिशी ओलांडल्यावर! आता डबी उघडली की पट्टी चिकटवून तारीख लिहिते. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत टाकायचा असतो. ती कांडी पापणीला लागून पुन्हा ओल्या नळीत जाते आणि आत जंतू वाढतात. माझा मस्कारा भाच्याच्या लग्नातला, चार वर्षांचा. सुकला की दोन थेंब पाणी घालून मी तो चालवत होते. कृपा करून असं कुणी करू नका. लिपस्टिक आणि पावडर त्या मानाने टिकतात, कारण त्यात पाणी नसतं. पण वास बदलला किंवा तेल सुटलं की त्यांचीही रजा.

उरलेल्या बावीस वस्तू वापरता वापरता कुठली कशी हे पहिल्यांदाच कळलं. एरवी आपण चार बोटं लावतो आणि नव्या जाहिरातीमागे जातो. कोल्ड क्रीम अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलं तर निम्म्यात भागतं. ट्यूब दाबून संपली असं वाटल्यावर कात्रीनं मधोमध कापली, तर आणखी आठवडाभराचं क्रीम निघालं. कापराच्या वासाचं कैलास जीवन भाजलं-चिरलं म्हणून ठेवलेलं, ते टाचांना रात्री लावून मोजे घातले. झकास. विको टर्मरिकला माझे दहापैकी आठ गुण. दोन कापले ते चेहऱ्यावर पिवळी झाक राहते म्हणून. (हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आमच्या सासूबाई दोन्ही म्हणून वापरायच्या.) लिपस्टिकचं बूड काडीनं कोरून व्हॅसलीनमध्ये मिसळलं, की रोजच्या वापराला हलका रंग मिळतो. बिनरंगी नेलपॉलिश खोट्या दागिन्यांना आतून लावलं, मानेला हिरवा डाग पडायचा थांबला. उटणं मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवू नका. वास उडतो, आणि डाळीचं पीठ असेल तर किडे होतात. मी ते साईत कालवून दर रविवारी लावलं, चोळून नव्हे, हलक्या हातानं.

नणंदेच्या फाउंडेशनचं काय करू? चेहरा एका बाईचा आणि मान दुसरीची दिसते! क्रीममध्ये मिसळून बघितलं, तरी तेच.

मग नोव्हेंबरात गटाची बैठक होती. आमच्याकडे त्या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बायकांची बोटं सोलवटतात, मीठ-मिरचीला हात लावता येत नाही. मी हौसेनं बाद मालातल्या लोशनच्या दोन बाटल्या घेऊन गेले. म्हटलं, तोंडाला नाही तर हाताला चालेल. गटातल्या एका मावशींनी बाटली उलटी केली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "ताई, तारीख तर गेली की हिची. तुमच्या तोंडाला नको, ते आमच्या हाताला चालतंय व्हय?"

तारीख वाचायला महिनाभर आधी मीच शिकवलं होतं, गटाच्या मसाल्याच्या पाकिटांसाठी. काय बोलणार? दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि पेट्रोलियम जेलीचे डबे नेऊन दिले.

त्याच मावशींनी पुढच्या बैठकीत पिशवीतून एक पांढरी डबी काढली. "मग ही बघा." नातीसाठी बाजारातून दीडशे रुपयांना घेतलेली. नात अठरा-एकोणीसची, लग्न ठरत आलेलं, मुलाकडचे "जरा उजळ असती तर" म्हणून गेलेले. डबीवर ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर, ना तारीख. पंधरा दिवसांत रंग खुलला म्हणे. नात म्हणाली, "लावताना चांदीची अंगठी काढून ठेवायची, असं सांगितलंय."

माझ्या पोटात धस्स झालं. अशी सूचना क्रीममध्ये पारा असल्याची खूण मानली जाते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, ब्युटीशियनकडून आणलेली गोरं करणारी क्रीम वापरत होत्या. तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो त्या क्रीममधल्या पाऱ्याचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही म्हणून रंग उजळल्यासारखा वाटतो, आणि तोच त्वचेतून आत जाऊन किडनीत साठतो. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर पत्ताच नाही, तिला नियम कोण लावणार? १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. आमच्या भागातल्या सोयरिकीत 'उजळ' हा शब्द अजून तसाच आहे.

मी मावशींना म्हटलं, आजपासून बंद. तर त्या म्हणाल्या, "आवं दीडशे रुपयं गेलं. तोंडाला नको तर टाचंला लावून संपवते. तुम्हीच म्हणता ना, संपल्याशिवाय टाकायचं नाही?"

माझाच नियम माझ्यापुढे उभा! टाच झाली तरी अंगाचीच, पारा तिथूनही आत जातो, हे समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी दीडशे रुपये मी दिले आणि डबी काढून घेतली. नातीला ग्रामीण रुग्णालयात नेऊन लघवी तपासली. प्रथिनं नव्हती, रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तीही तपासणी झाली, ठीक आहे. लग्नाचं अजून पक्कं नाही. मुलगी म्हणते, "क्रीम सोडल्यावर रंग परत आला तर ते नाही म्हणतील." यावर काय बोलावं मला सुचलं नाही. आईशी मात्र बोलून आले, मुलाकडच्यांशीही एकदा बोलणार आहे.

खणात आता सहा वस्तू उरल्यात. ती पांढरी डबी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून माळ्यावर ठेवली आहे. कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाही, जाळली तर पाऱ्याची वाफ होते. पुढच्या खेपेला नगरला गेले की अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात घेऊन जाणार आहे.