अमेरिकेहून धाड गावी आल्यावर झोप

न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. शरीर मात्र दिवसाला जेमतेम तास-दीड तास सरकतं, म्हणून माहेरी आलेल्या लेकीला आठवडाभर सांभाळून घ्या. ‘सकाळचं ऊन घे’ हा सल्ला पहिल्या दोन दिवसांत उलटा पडू शकतो. उन्हाळ्यात धाडला दुपारचा दीड वाजतो, तेव्हा तिच्या शरीरात पहाटेचे चार असतात. त्याआधीच्या लख्ख उजेडाने झोप आणखी उशिरा येते, नंतरच्या उजेडाने लवकर. तेव्हा सकाळी घरातच, तीननंतर अंगणात. पुढे रोज तासभर आधी. डुलकी अर्ध्या तासाचीच. आणि भेटायला येणाऱ्यांनो, संध्याकाळी तिला चहाचा आग्रह नको. त्यातलं कॅफिन रात्रीपर्यंत अंगात राहतं.