विश्लेषण : निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांसाठी शनिवार-रविवारची भटकंती महत्त्वाची का?

लष्करातून बाहेर पडण्याची तयारी म्हटले की पेन्शनचे कागद, पुनर्वसनाचे अभ्यासक्रम आणि नोकरीचे अर्ज डोळ्यांसमोर येतात. मात्र निवृत्तीच्या आधीच्या वर्षात मित्रांसोबत एखाद्या गडावर जाऊन येणे, हीदेखील तयारीच असू शकते. ती कशी आणि त्यात काळजी काय घ्यायची, याचा हा आढावा.

जवान इतक्या लवकर निवृत्त का होतो?

सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाच्या सेवेची वर्षे पदानुसार ठरवलेली असतात. शिपाई पदावरच थांबलेला जवान साधारण चाळिशीच्या आत घरी येतो. हवालदार, सुभेदार झालेल्यांना आणखी काही वर्षे मिळतात. पेन्शनसाठी जवानाला किमान १५ वर्षांची, तर अधिकाऱ्याला २० वर्षांची सेवा लागते. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण बाहेर पडतात आणि त्यातले बहुतेक ३५ ते ४५ या वयातले असतात. म्हणजे मुले शाळेत, घराचे कर्ज चालू आणि पुढे कमावण्याची किमान वीस वर्षे शिल्लक, अशा टप्प्यावर ही निवृत्ती येते.

सरकारी पातळीवरची तयारी कोणती?

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय काम करते. निवृत्तीपूर्वी सुरक्षा व्यवस्थापन, संगणक, वाहन दुरुस्ती, शेतीपूरक व्यवसाय असे अभ्यासक्रम त्यांच्यामार्फत करता येतात. जवानांना त्याचे शुल्क पडत नाही, अधिकाऱ्यांना मात्र काही वाटा स्वतः भरावा लागतो. पेन्शनचे काम आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर चालते. आरोग्यासाठी २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. गावी परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी लागते. निवृत्तीपूर्वी घराजवळच्या नेमणुकीची विनंतीही करता येते. ती मान्य झाली, तर शेवटच्या वर्षात सुटीचे दिवस घरच्या आसपास मिळतात. भटकंतीला वाव मिळतो तो इथे.

कागदांत न बसणारी अडचण कोणती?

समजा, सातारा जिल्ह्यातील एक हवालदार २४ वर्षांच्या सेवेनंतर घरी येतो आहे. पहाटेची पीटी, रोल कॉल, लंगरच्या जेवणाची वेळ, सुटीचा अर्ज, हे सारे इतकी वर्षे ठरलेले होते. आज काय करायचे, हे सकाळी आदेशातून कळायचे. वर्षाच्या सुटीत तो घरी यायचा तेव्हा पाहुण्यासारखी सरबराई व्हायची. त्याचा संसार बायकोने एकटीने चालवला आहे. दहावीतल्या मुलीला वडील माहीत आहेत ते मुख्यतः फोनवरचे.

निवृत्तीनंतर पहिले पंधरा दिवस सत्कारात जातात. त्यानंतरचा सोमवार अवघड असतो. घरात प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि ती त्याच्याशिवाय ठरलेली असते. तो शिस्त लावायला जातो आणि खटके उडतात. युनिटमधले दोस्त देशभर विखुरलेले, गावातले शाळासोबती आपापल्या उद्योगात. बोलायला माणूस नसणे ही तक्रार कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. म्हणून गावातली मैत्री शेवटच्या वर्षातच पुन्हा जोडायला घेतली, तर त्या सोमवारी फोन करायला कुणीतरी असते.

एका ट्रेकमधून नेमके काय मिळते?

पहिले म्हणजे ठरवण्याची सवय. शनिवारी कुठे जायचे, एसटी की कुणाची गाडी, खर्च किती, जेवण कुणाकडे सांगायचे, याचा कुठलाही आदेश येत नाही. चार जणांची चार मते असतात आणि मध्येच एक जण येणार नाही म्हणून कळवतो. हुकूम न देता माणसे जमवणे, हे कौशल्य पुढच्या नोकरीत आणि घरातही लागते.

दुसरे म्हणजे बोलणे. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘पुढे काय करणार?’ असे विचारले, की बहुतेक जवान ‘बघू’ म्हणून विषय संपवतात. चढणीवर मागेपुढे चालताना तोच प्रश्न सहज निघतो. आपल्याआधी दोन वर्षे निवृत्त झालेला दोस्त सोबत असेल, तर बारा तासांच्या सुरक्षारक्षकाच्या पाळीत पाय किती दुखतात, हातात पगार किती पडतो, पेन्शनची एकरकमी रक्कम मागायला कोण कोण नातेवाईक येतात, हे त्याच्याकडून कळते. अशी माहिती कुठल्याच अभ्यासक्रमात मिळत नाही.

तिसरे म्हणजे शरीर. रोजची पीटी थांबते, पण भूक तशीच राहते. वजन आणि रक्तदाब वाढायला मग वेळ लागत नाही. आठवड्याची एक चढण पीटीची जागा घेऊ शकत नाही, पण त्या चढणीसाठी रोज सकाळी चालायला कारण मिळते.

सोबत कोणाला घ्यावे?

सगळेच फौजी असतील, तर गप्पा पोस्टिंगवरून पुढे सरकत नाहीत. सगळेच बाहेरचे असतील, तर आपल्याला कुणी समजून घेत नाही असे वाटते. त्यामुळे एखादा निवृत्त सहकारी, एखादा शाळासोबती आणि जमल्यास घरातले कुणी, असा मेळ बरा. आपल्या हवालदाराने मुलीला अजिंक्यताऱ्यावर नेले, तर पहिल्या खेपेला ती फार बोलणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र शाळेतले, मैत्रिणींचे काहीबाही निघेल. निवृत्तीनंतर त्याच घरात राहायचे आहे, हे लक्षात घेतले तर या दोन तासांची किंमत कळते.

जायचे कुठे?

महाराष्ट्रातील छावण्यांच्या आसपास जागांची कमतरता नाही. पुणे, खडकीहून सिंहगड, राजगड आणि लोहगड एका दिवसात होतात. देवळालीहून त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर, तर थोडे लांब गेल्यास राज्यातील सर्वांत उंच किल्ला साल्हेर आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर अकोले तालुक्यातील बारी गावातून चढता येते. रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर यांच्यासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये समावेश झाल्याने तिथे गर्दीही वाढू शकते. शक्यतो पहाटे निघावे.

यातून रोजगार मिळू शकतो का?

काहींना मिळू शकतो. डोंगरी भागातील सेवा, प्रथमोपचार, नकाशावाचन हा अनुभव जवानाकडे असतो. पण ट्रेक नेणे हा आता नियमात बसवलेला व्यवसाय आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या संस्थेत घेता येते. मात्र हे काम हंगामी असते. त्यामुळे पेन्शनच्या जोडीला ते ठीक, पण एकरकमी मिळालेला सगळा पैसा तंबू आणि गाड्यांत घालणे धोक्याचे. सेवेत असताना दुसरा व्यवसाय करता येत नाही, हेही विसरू नये. तोवर फक्त शिकावे.

काळजी कोणती घ्यावी?

छावणीबाहेर मुक्काम असेल तर रीतसर परवानगी घ्यावी. समाजमाध्यमांबाबत सेवेतील जवानांवर कडक नियम आहेत. गणवेश, युनिट किंवा नेमणुकीचे ठिकाण कळेल असा फोटो मित्रांनीही टाकू नये, हे निघण्यापूर्वीच सांगावे. पावसाळ्यात वनविभाग आणि जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी घालते. ती मोडून जाऊ नये.

आणखी एक चूक तंदुरुस्त जवानांकडूनच होते. ते आपल्या वेगाने चढतात आणि कार्यालयात बसून काम करणारा मित्र धापा टाकत मागे राहतो. वेग सर्वांत मागच्या माणसाचा धरावा. दारूला कार्यक्रमात जागा देऊ नये, कारण उतरणीवर तिचा हिशेब होतो. झोप उडणे, चिडचिड, एकटे राहावेसे वाटणे हे आठवडे न् आठवडे चालले असेल, तर त्यावर ट्रेक हा उपाय नाही. लष्करी रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलावे.

अग्निवीरांचे काय?

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. योजनेनुसार त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. विशी-पंचविशीतला हा तरुण गावात परतेल, तेव्हा ‘तुला का नाही ठेवले?’ हा प्रश्न पारावर विचारला जाईल. निवड न होणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे त्याला सांगायला दोन-चार मित्र हवेत.

सुरुवात कशी करावी?

निवृत्तीला वर्ष उरले असेल, तर महिन्यातून एक रविवार ठरवून टाकावा. पहिल्यांदा जवळचा, सोपा गड घ्यावा. आखणी दरवेळी वेगळ्या माणसाकडे द्यावी आणि जवानाने निदान एकदा तरी कुणाच्या तरी मागे, मुकाट्याने चालावे. घरी आल्यावर डबे घासायला बसावे. निवृत्तीनंतरचा तो सोमवार येईल, तेव्हा पुढच्या रविवारी कुठे जायचे, हे विचारणारा एखादा फोन नक्की वाजेल.