निवडुंगाचं आडनाव काय?

मित्रांनो, इंजिनिअरिंगला आलो म्हणजे बायोलॉजीतल्या 'क्लासिफिकेशन'पासून सुटलो, असं आपल्याला वाटतं. पण हा डिझाइनचाच एक प्रश्न बघा.

शेताच्या बांधावर दोन काटेरी झाडं दिसतात. एक त्रिधारी निवडुंग, तीन धारांच्या जाड खोडाचा. दुसरा फड्या निवडुंग. नाव एकच, म्हणून भाऊ-भाऊ वाटतात. प्रत्यक्षात त्रिधारी आपल्या इथला, एरंडाच्या कुळातला. आणि फड्या मूळचा अमेरिकेतला, कॅक्टसच्या कुळातला. नातं फार लांबचं.

मग चेहरा सारखा का? कारण दोघांपुढे प्रॉब्लेम एकच, पाणी कमी आणि ऊन जास्त. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून पानांना जवळजवळ सुट्टीच. अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडाकडे, आणि तेच खोड पाण्याची टाकी. फड्याचा पसरट 'फडा' हे पान नाही, खोडच आहे. या दोन्ही कुळांतल्या अनेक जाती आपली सूक्ष्म छिद्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून तो वापरतात. दोन कंपन्यांनी एकमेकांना न विचारता एकच मशीन बनवावं, तसं हे! याला 'कन्व्हर्जंट इव्होल्यूशन' म्हणतात.

नातं ओळखायचं तर फूल बघावं लागतं. लिनिअसने पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हाच हे दोघे वेगळे झाले. फड्याचं फूल मोठं, भरपूर पुंकेसरांचं. त्रिधारीचं 'फूल' म्हणजे इवलासा पेला, त्यात अनेक बारीक फुलं. आज डीएनएही तेच सांगतो.

आता उलटं उदाहरण. गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' चक्क कॅक्टस आहे! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत ते झाडांवर वाढतं, म्हणून त्याचं रूप वेगळं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ तर सूर्यफुलाच्या कुळातलं.

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही बरं का. फड्याच्या जातभाईंचे कोवळे फडे मेक्सिकोत काटे काढून भाजी म्हणून खातात. त्रिधारीचा पांढरा चीक मात्र कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. नर्सरीत 'कॅक्टस' म्हणून एरंडाच्या कुळातली झाडंही सर्रास विकतात. तेव्हा रूमच्या खिडकीतल्या कुंडीतला 'कॅक्टस' मोडला आणि दुधासारखा चीक आला, तर डोळे चोळू नका. आधी साबणाने हात धुवा!