ताशी ११० किलोमीटर, ब्रेक नाही: बास बोट हातात कशी राहते?

ज्यांना ऑडिओ ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललेलंच आहे, फक्त थोडं आवरून-सावरून.

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी टेक्सासला मावसभावाकडे गेले होते. दादा डॅलसच्या बाहेर राहतो, आयटीत आहे, आणि त्याला एकच नाद: बास. बास म्हणजे मासा, बरं का. 'आता बास कर' मधला बास नाही. हा विनोद तिकडे कुणालाच कळला नाही, म्हणून इथे हौस भागवून घेतेय.

हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडायचा, आणि त्यासाठी एक खास बोट. १८ ते २१ फूट लांब, फायबरग्लासची, चकचकीत आणि इतकी बुटकी की दुरून पाण्यावर चप्पल तरंगतेय असं वाटतं. मागे २५० हॉर्सपॉवरपर्यंतचं इंजिन. भारतातल्या साध्या छोट्या कारला ८०-९० हॉर्सपॉवर असते, त्यावरून अंदाज घ्या. अशी बोट ताशी ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर सहज जाते.

मासे पकडायला एवढी घाई कशाला? मीही दादाला हेच विचारलं. कारण आहे स्पर्धा. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या माणसाने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर एक मोठी बास स्पर्धा भरवली आणि तिथून या खेळाचं रूप बदललं. आज बऱ्याच स्पर्धांत दिवसभरातल्या सगळ्यात जड ५ माशांचं वजन धरतात. वेळ ठरलेली, तलाव अवाढव्य. प्रवासात गेलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे गळ पाण्याबाहेर राहिलेलं मिनिट. मग इंजिनं मोठी होत गेली. याच स्कॉटने आपल्या स्पर्धांत लाइफ जॅकेट आणि किल स्विच सक्तीचे केले, हेही सांगायला हवं. किल स्विचकडे आपण येणारच आहोत, कारण माझ्या मते अख्ख्या बोटीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे.

आधी वेगाचं गणित. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते. चालवणाऱ्यासमोर जीपीएस आणि सोनारचे मोठे स्क्रीन असतात. त्यावर २ सेकंद नजर गेली की बोट ३ खेळपट्ट्या आंधळी पुढे गेलेली असते. आणि बोटीला ब्रेक नसतो. रस्त्यावर टायर डांबराला धरतात, इथे धरायला काही नाही.

आता तो प्रसंग. आम्ही लेक फोर्कवर होतो, डॅलसच्या पूर्वेला साधारण दीड तासावर. पहाटेचं पाणी, आरशासारखं. दादाने पायाखालचं पेडल दाबलं, पुढचं टोक एकदम आभाळाकडे गेलं आणि काही क्षण समोरचं काहीच दिसेना. मग बोट पाण्यावर चढली, आडवी झाली आणि सुसाट निघाली. ६५ मैलांच्या आसपास ती डोलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. मी ओरडले, "बास! बास!" दादा म्हणाला, "कुठंय?"

खरंच. तो मासा शोधत होता.

पण बोलता बोलता त्याचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते आणि पाय पेडलवरून जरासा, अगदी जरासा सैल झाला. डोलणं थांबलं. या डोलण्याला तिकडे चाइन वॉक म्हणतात. ते का होतं हे कळलं की अर्धी बोट कळली.

बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. पण मागच्या बाजूला, व्हीच्या अगदी टोकाला, एक अरुंद सपाट पट्टी ठेवलेली असते. तिला पॅड म्हणतात. वेग वाढला की पाणी बोटीला वर ढकलतं, आणि शेवटी जवळजवळ अख्खी बोट हवेत येते. पाण्याला टेकलेला असतो तो एवढासा पॅड आणि इंजिनाचा पंखा. घर्षण कमी, म्हणून वेग. पण तोल मात्र त्या पट्टीवर. पंखा एका दिशेने फिरतो, त्यामुळे बोट एका बाजूला कलते. मग तळाची ती बाजू पाण्यावर आपटते आणि बोटीला दुसरीकडे ढकलते. तिथून ती परत फिरते. नवखा माणूस घाबरून चाक उलटं फिरवतो, पण त्याचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो. म्हणजे झोका जिकडे निघालाय तिकडेच तो आणखी धक्का देतो. स्टिअरिंग ढिलं असेल तर आणखी वाईट.

उपाय दादाने केला तोच. दोन्ही हात चाकावर, अगदी बारीक दुरुस्ती, वेग हळूच कमी. पाय एकदम उचलायचा नाही. एकदम उचलला तर हवेतलं पुढचं टोक पाण्यात आदळतं आणि बोट भलतीकडे वळू शकते. शिवाय आपणच मागे उठवलेली लाट मागून आत येते. म्हणून ज्यांना वेगात जायचंय ते पायाचं पेडल बसवून घेतात. हाताचा खटका असला की एक हात कायम चाकावरून सुटलेला.

दुसरी गोष्ट ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कोन. चाकाजवळच्या बटणाने इंजिन आत-बाहेर झुकवता येतं. निघताना पूर्ण आत, म्हणजे बोट लवकर पाण्यावर चढते. मग हळूहळू बाहेर, म्हणजे पुढचं टोक उचलतं आणि वेग येतो. जास्त बाहेर गेलं की बोट डॉल्फिनसारखी वरखाली उड्या मारते. जास्त आत राहिलं की पुढचं टोक पाण्यात रुततं आणि बोट अचानक वळते. वळणाआधी वेग कमी करून इंजिन थोडं आत घ्यायचं, नाहीतर पंख्याची पकड सुटते आणि मागचा भाग घसरत जातो. बोट मागून वळते हे लक्षात ठेवा. कारच्या सवयीने वळाल तर मागची बाजू कुठेतरी आपटेल.

लेक फोर्कचं अजून एक वैशिष्ट्य. १९८० मध्ये धरण झालं तेव्हा पाण्याखाली जाणारी बरीच झाडं मुद्दाम तोडली नाहीत, माशांना आसरा म्हणून. ते फळलंही. १९९२ साली इथेच १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा बास मिळाला. पण ते वाळके बुंधे अजून पाण्यात उभे आहेत, काही दिसतात, काही नाही. म्हणून वेगात जायचं ते आखून दिलेल्या वाटेतूनच. वाट सोडली की दादा बैलगाडीच्या चालीने जायचा, मला कंटाळा येईपर्यंत. वेगात इंजिन ओंडक्यावर आदळलं तर ते उखडून, पंखा फिरत असताना, बोटीत येऊन पडू शकतं. असे मृत्यू झालेत. हल्ली लोक इंजिनाला जाड पट्टे बांधतात ते यासाठी.

तरबेज लोकांचं काय? एप्रिल २०२५ मध्ये अलाबामातल्या लुईस स्मिथ लेकवर एका व्यावसायिक स्पर्धेतली बास बोट दुसऱ्या बोटीवर आदळली. त्या दुसऱ्या बोटीतले तिघं गेले. उरलेली स्पर्धा रद्द झाली. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईजवळ इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नील कमल' फेरीवर आदळली, ते तुम्हाला आठवत असेल. वेगळी बोट, वेगळं कारण. पण तो व्हिडिओ पाहिलेल्यांना मी वेगळं काय सांगू, वेगातली बोट पाण्यावर पटकन थांबत नाही.

आता किल स्विच. गुंडाळीची एक लाल दोरी. एक टोक इंजिनाच्या स्विचवर, दुसरं चालवणाऱ्याच्या लाइफ जॅकेटला. माणूस खुर्चीवरून उडाला की दोरी ओढली जाते, इंजिन बंद. दोरी नसेल तर? हात सुटतो, चाक फिरतं आणि रिकामी बोट गोल गोल फिरायला लागते. मध्ये पाण्यात तुम्ही, आणि पंखा दर फेरीला परत येतोय. म्हणून टेक्सासने २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना ही दोरी किंवा तिचा वायरलेस भाऊ वापरणं सक्तीचं केलं.

यात एक खाच आहे, जी मला दादाने सांगेपर्यंत सुचली नव्हती. चालवणारा दोरीसकट पाण्यात पडला, तर बोटीत उरलेल्याने इंजिन सुरू कसं करायचं? त्याच्यासाठी सुटी दोरी हाताशी हवी, आणि ती कुठे लावायची हे निघण्याआधी दाखवलेलं हवं. माणसाजवळ जाताना अगदी हळू, आणि पोचल्यावर इंजिन बंद.

दिवसभर आम्ही जागा बदलत होतो. दर वेळी दादा उठून पुढे जायचा, दोरी काढायचा, परत बसला की लावायचा. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर, हातात दीड किलोचा एक मासा फक्त, आणि वहिनीचे तीन मिस्ड कॉल. दादा बसला, इंजिन सुरू केलं, पेडल दाबलं. स्विचवरची दोरी त्याच्या गुडघ्याजवळ नुसती लोंबत होती.

मी म्हटलं, "दादा, दोरी."

त्याने पाय काढला. बोट पाण्यात बसली, मागची लाट आमच्या खालून पुढे निघून गेली. त्याने दोरी जॅकेटला लावली, एकदा ओढून बघितली. मग खुर्चीखालच्या कप्प्यातून सुटी दोरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही घरी पोचेपर्यंत तुझ्याकडे."