गंबोत काय असावे?

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लुइझियाना राज्यात 'गंबो' नावाचा एक पदार्थ घरोघरी केला जातो. कोंबडीचे मांस, डुकराच्या मांसाचे धुरी दिलेले सॉसेज, कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरीचे दांडे मोठ्या पातेल्यात दीर्घकाळ शिजवून हा दाट रस्सा तयार होतो व तो भातावर वाढतात. येथपर्यंत कोणाचा आक्षेप नसतो. मतभेद सुरू होतात ते यापुढे. त्यात भेंडी घालावी की नाही? टोमॅटो चालतो का? पीठ किती काळे होईपर्यंत भाजावे? कोंबडी आणि कोळंबी एकाच पातेल्यात शिजवणे योग्य की अयोग्य? हे प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटतात. तेथील माणसाला मात्र ते आपल्या आजीच्या हाताच्या चवीविषयी, पर्यायाने आपल्या कुळाविषयी विचारलेले प्रश्न वाटतात.

गंबो हा क्रिओल पदार्थ म्हणून ओळखला जातो. वसाहतींच्या काळात युरोपीय, आफ्रिकी आणि स्थानिक लोकांच्या संपर्कातून जे समाज, ज्या भाषा आणि ज्या पाककृती निर्माण झाल्या, त्यांना 'क्रिओल' असे म्हणतात. हा शब्द आपल्यालाही अगदी परका नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली एक बोली आजही बोलली जाते आणि भाषाशास्त्रज्ञ तिला क्रिओल भाषाच म्हणतात. लुइझियानात फ्रेंचांनी १७१८ साली न्यू ऑर्लिन्स शहर वसवले. त्यानंतर लवकरच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची जहाजे तेथे येऊ लागली. पुढे काही दशके स्पेनची सत्ता होती. १८०३ साली हा प्रदेश अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी विकत घेतला. दरम्यान कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून इंग्रजांनी १७५५ पासून हुसकावून लावलेले फ्रेंच भाषक शेतकरीही येथे येऊन स्थिरावले होते. त्यांना 'केजन' म्हणतात. क्रिओल स्वयंपाक प्रामुख्याने न्यू ऑर्लिन्स शहराचा, तर केजन स्वयंपाक पश्चिमेकडील दलदलीच्या व गवताळ प्रदेशातील खेड्यांचा, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ती सर्वत्र लागू पडत नाही, पण वाद समजून घेण्यास उपयोगी पडते.

वादाचे मूळ रस्सा दाट करण्याच्या पद्धतीत आहे. त्यासाठी तीन साधने वापरतात आणि प्रत्येक साधन वेगळ्या लोकांनी दिलेले आहे.

पहिले साधन भेंडी. अंगोलाच्या परिसरातील बांटू भाषांत भेंडीला 'किंगोंबो' म्हणतात आणि 'गंबो' हे नाव त्यावरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे भेंडीचा बुळबुळीतपणा हा दोष समजला जातो. भेंडी धुऊन कोरडी करणे, चिरल्यावर तिला पाणी लागू न देणे, भाजीत आमसूल किंवा ताक घालणे हे सगळे उपाय तो चिकटपणा घालवण्यासाठीच असतात. गंबोत नेमका तोच चिकटपणा हवा असतो, कारण त्यामुळे रस्सा मिळून येतो.

दुसरे साधन 'फिले'. सॅसाफ्रास नावाच्या झाडाची पाने वाळवून त्यांची वस्त्रगाळ पूड करतात, तिला फिले म्हणतात. ही त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची, चॉक्टॉ लोकांची देणगी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात चॉक्टॉ स्त्रिया ही पूड विकावयास बसत. पातेले चुलीवरून उतरवल्यानंतरच ती घालावी लागते. उकळत्या रश्शात घातल्यास तिच्या तारा सुटतात आणि पदार्थ बिघडतो. भेंडी उन्हाळ्यात मिळे आणि हिवाळ्यात नसे, तेव्हा हिवाळी गंबोला वाळवलेल्या पानांची पूड वापरली जाई. 'भेंडी आणि फिले कधीही एकत्र घालू नये' हा जुना दंडक आजही अनेक घरांत पाळला जातो. त्याचा उगम ऋतुमानात असावा, असे दिसते. दोन्ही एकत्र आल्यास रस्सा फार चिकट होतो हेही खरे.

तिसरे साधन 'रू', म्हणजे लोण्यात किंवा तेलात भाजलेला मैदा. ही पद्धत फ्रान्सची. फ्रान्समध्ये पीठ फिकट रंगावर थांबवतात, तर केजन घरांत ते तपकिरी, कधी जवळजवळ काळसर होईपर्यंत परततात. बेसनाचे लाडू करणाऱ्यांना या कामातील जोखीम सांगावयास नको. आच मंद हवी, हात सतत हलता हवा आणि एक क्षण दुर्लक्ष झाले तर सारे टाकून द्यावे लागते. शिवाय पीठ जितके अधिक भाजावे तितकी त्याची खमंग चव वाढते, पण रस्सा दाट करण्याची शक्ती कमी होते, कारण उष्णतेने पिठातील स्टार्च तुटत जातो. म्हणूनच काळ्या रूचा केजन गंबो पुष्कळदा पातळसर असतो आणि न्यू ऑर्लिन्सचा माणूस त्याला नावे ठेवतो.

आता गंमत अशी, की ज्या पदार्थाला भेंडीचे नाव मिळाले तो असंख्य घरांत भेंडीवाचून केला जातो आणि तरीही गंबोच म्हटला जातो. हा प्रकार अलीकडचा नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये १७६४ साली गुलामांची जी चौकशी झाली, तिच्या कागदपत्रांत गंबोचा फार जुना उल्लेख सापडतो. म्हणजे सत्ताधीशांच्या मेजवान्यांत तो पोहोचण्यापूर्वी ज्यांना स्वतःचे नावही ठेवण्याचे स्वातंत्र्य नव्हते, त्यांच्या भांड्यांत तो शिजत होता. पुढे पाकपुस्तके लिहिली गेली तेव्हा श्रेय मात्र बहुधा फ्रेंच परंपरेला मिळाले. 'भेंडी नाही तर गंबो नाही' असे एखादी कृष्णवर्णीय गृहिणी आग्रहाने म्हणते तेव्हा त्या आग्रहात हा इतिहासही असतो. तो केवळ जिभेचा हट्ट म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही.

सर्वांत कडाक्याचा वाद टोमॅटोवरून होतो. केजन घरांत टोमॅटो घालणे जवळजवळ निषिद्ध, तर न्यू ऑर्लिन्समधील अनेक क्रिओल घरांत तो रूढ आहे. टोमॅटो म्हणजे शहरी लोकांनी केलेली अलीकडची भेसळ, असा आरोप ऐकू येतो. वस्तुस्थिती तशी नाही. 'पिकायून' या वृत्तपत्राने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या क्रिओल पाकपुस्तकात भेंडीच्या गंबोची कृती आहे. तीत कोंबडी आणि हॅमबरोबर टोमॅटोही आहेत. त्यामागे स्वयंपाकघरातले साधे शहाणपण आहे. आंबटपणामुळे भेंडीचा चिकटपणा आटोक्यात राहतो. आपल्या आमसुलाचे काम तेथे टोमॅटो करतो. ज्या गंबोत भेंडीच नाही त्याला टोमॅटोची गरज नसते. दोन्ही पक्ष आपापल्या पातेल्यापुरते बरोबर आहेत, एवढेच म्हणता येईल.

मांसाची निवड बहुतांशी भूगोलाने ठरवली. किनाऱ्यालगत कोळंबी, खेकडे आणि कालवे; आतल्या भागात कोंबडी, बदक आणि सॉसेज. न्यू ऑर्लिन्समध्ये दोन्ही एकत्र येतात. खेड्यांतून मार्डी ग्राच्या सणाला मुखवटे घातलेले स्वार शेतोशेत हिंडून गंबोसाठी जिन्नस मागतात. यजमान जिवंत कोंबडी मोकळी सोडतो आणि ती चिखलात धावून पकडावी लागते. संध्याकाळी साऱ्या गावासाठी एकत्र गंबो शिजतो. तेथे कोळंबीची अपेक्षा कोणी करीत नाही.

नियम मोडणाऱ्यांतही अधिकारी व्यक्ती आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या लीया चेस (१९२३–२०१९) या कृष्णवर्णीय क्रिओल पाकनिपुण बाईंचे भोजनगृह १९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांचे बैठकीचे ठिकाण होते. वर्णभेदाच्या कायद्याला न जुमानता काळे आणि गोरे तेथे एकत्र बसून गंबो खात. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्या पालेभाज्यांचा हिरवा गंबो करीत. हा उपवासकाळातला पदार्थ कित्येक घरांत मांसाशिवाय केला जातो. लीयाबाई मात्र त्यात अनेक प्रकारचे मांस आणि सॉसेज घालीत. भाज्यांची संख्या विषम असावी हा संकेत त्या पाळत. त्यांच्या गंबोला खोटा म्हणण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही.

उलट घटना २०१६ साली घडली. न्यू ऑर्लिन्सवर आधारित एका चित्रपटाची नायिका गंबो करण्यात तरबेज दाखवली आहे. त्या चित्रपटाच्या निर्मात्या कंपनीने तिच्या नावाने 'आरोग्यदायी' गंबोची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यात रू नव्हता. होती ती केल नावाची पालेभाजी आणि किनोआ हे दक्षिण अमेरिकेतील धान्य. लुइझियानात एकच संताप उसळला. भेंडीवाले, फिलेवाले, टोमॅटोवाले आणि टोमॅटोचे शत्रू या वेळी प्रथमच एका बाजूला उभे राहिले. पालेभाजीला त्यांचा विरोध नव्हता. ती हिरव्या गंबोतही असते. हे जे काही आहे ते खुशाल खावे, पण त्याला गंबो म्हणू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कंपनीने चित्रफीत मागे घेतली आणि टोमॅटोचा वाद पूर्वीप्रमाणे सुरू झाला.